मंजू, तुझी दुसरी जोडी उलट्या बाजूला राहते

मंजू,

त्या बुधवारी सकाळी साडेसातला मी तुला मेसेज केला होता. ‘तुझ्या नाचातलं सतरा ते चोवीस बघितलंस का? दुसरी जोडी अजून उलट्याच बाजूला राहतेय. मी दुरुस्त करून पाठवलंय. उत्तर दे.’ उत्तर आलं नाही. ऑफिसात पोचल्यावर मी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. साडेनऊला लिहिलं, ‘बरं, बस रुसून.’

तू सातच्या आधीच गेली होतीस. कचऱ्याचे बिन रस्त्याच्या कडेला ठेवायला म्हणून बाहेर पडलीस आणि ड्राइव्हवेच्या टोकाशी कोसळलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला कळलंसुद्धा नसेल, म्हणाले. श्रीरंगला वाटलं, तू नेहमीसारखी शेजारणीशी बोलत उभी असशील, म्हणून त्याने तुझा चहा बशीने झाकून ठेवला. आणि मी साडेसातपासून अकरापर्यंत तुझ्यावर चिडून बसले होते. गेलेल्या माणसावर साडेतीन तास चिडलेली बाई म्हणजे मी. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय, कारण याचं हसू येईल असं दुसरं कुणी माझ्याजवळ नाही.

श्रीरंगचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. दोनदा कापला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन घेतला. तुझा नवरा, जो माझ्याशी मराठीशिवाय कधी बोलला नाही, तो म्हणाला, “आसावरी, मंजिरी पास्ड अवे धिस मॉर्निंग.” कुणाची तरी ई-मेल वाचून दाखवावी तसा. आणि मी म्हणाले, “ओके. थँक यू फॉर लेटिंग मी नो.” खरंच असं म्हणाले गं. मग आत जाऊन बसले आणि माझ्या यादीतल्या सॉफ्टवेअरच्या उरलेल्या चार चुका सगळ्यांना व्यवस्थित वाचून दाखवल्या. शेजारच्या मुलीने विचारलं, “यू ऑलराइट?” तेव्हा कुठे मी ती यादी उलटी करून ठेवली.

आज पंधरा दिवस झाले. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, किती प्रेमळ, किती मदतीला धावणारी, हे सगळं मराठी मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेलंय. त्यात खोटं काही नाही. पण ते वाचताना मला सारखं वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल आहे आणि तू खाली लिहिशील, ‘अरे, मी आहे अजून.’ मला हे अजून पटलेलंच नाही. परवा तुमच्या घरावरून जाताना मी सवयीने हॉर्न दिला. श्रीरंग खिडकीत आला. मी काय करणार, हात हलवून पुढे गेले.

फ्लॅट बुश या आपल्या उपनगरात आपण एकाच रस्त्यावर दोन वर्षं राहत होतो आणि एकमेकींना ओळखत नव्हतो. ओळख झाली ती २०१३ च्या श्रावणात, मंडळाच्या मंगळागौरीच्या तालमीत. दक्षिण गोलार्धातला श्रावण म्हणजे भर हिवाळा; बाहेर कडाक्याची थंडी, आणि आत तू फुगडी घालताना माझा हात इतका जोरात ओढलास की मी हीटरवर आदळणार होते. “सॉरी हं, माझं मापच मोठं आहे,” म्हणालीस. उंच तर तू होतीसच. मंगळागौर झाल्यावर तालमी संपल्या आणि तुझे पाय शिवशिवायला लागले. शेजारच्या बॉटनी भागातल्या लायब्ररीत तू ती चिठ्ठी बघितलीस: स्कॉटिश कंट्री डान्सिंग, दर मंगळवारी संध्याकाळी, नवशिक्यांचं स्वागत, जोडीदार नसला तरी चालेल. मला म्हणालीस, “चल.” मी म्हटलं, “आपला काय संबंध?” तू म्हणालीस, “फुगडीशी तरी तुझा काय संबंध होता?”

तू रस्ते आणि गटारं आखणारी इंजिनिअर, मी सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणारी. पहिल्याच दिवशी आपण दोघी त्या नाचाच्या प्रेमात पडलो, पण वेगवेगळ्या कारणांनी. मला आवडला तो नियम. चार जोड्या, एका बाजूला पुरुषांची रांग, समोर बायकांची, आणि प्रत्येक जण आपल्या जोडीदारासमोर. संगीताच्या एका बारला, म्हणजे छोट्या आवर्तनाला, एक पाऊल. बत्तीस बार झाले की एक फेरी संपते, जोड्या एकेक घर सरकतात आणि पुन्हा तेच पहिल्यापासून. मध्ये कितीही गोल फिरा, कितीही एकमेकांत गुंता, फेरीच्या शेवटी ज्याने त्याने आपापल्या बाजूला परत यायचं. मला हे फार बरं वाटलं. निदान एका ठिकाणी तरी सगळं जिथल्या तिथे येतं. तुला काय आवडलं ते तू सांगितलं नाहीस. तू नुसतीच घामाघूम होऊन हसत होतीस.

आणि मग तो ग्रॅहॅमचा प्रसंग. तो आठवला की अजून माझे कान गरम होतात. तिसरा की चौथा मंगळवार असेल. तिघांनी एकमेकांभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढत फिरायचं होतं, आणि वळताना माझा पाय ग्रॅहॅमच्या घोट्याला खाडकन लागला. आता पाय लागला की काय करायचं, हे काही आपण ठरवून करत नाही. मी तिथल्या तिथे वाकले, त्याच्या पायाला हात लावला आणि कपाळाला लावला. ग्रॅहॅम, निवृत्त बस ड्रायव्हर, बाराही महिने अर्ध्या चड्डीत वावरणारा. त्याला वाटलं मला चक्कर आली. तो मला उचलायला वाकला, आमची डोकी आपटली, मागून येणारी बाई आमच्या दोघांवर येऊन पडली आणि एका मिनिटात आठ माणसांचा चुथडा झाला. मॉरीनने संगीत थांबवलं. पंचाहत्तरीची, काडीसारखी, क्लब चालवणारी आपली मॉरीन. तिने काळजीने विचारलं, “इज इट अ क्रॅम्प, डिअर?” आणि तू? तू जमिनीवर बसून हसत होतीस. हसता हसताच तू सगळ्यांना समजावलंस, “नो, नो, शी किक्ड हिम. सो शी हॅज टू से सॉरी विथ हर हँड.”

ग्रॅहॅम इथल्या लोकांच्या ‘काही हरकत नाही’च्या थाटात म्हणाला, “स्वीट अ‍ॅज. शी कॅन किक मी एनी टाइम.”

परतताना गाडीत मात्र तू मला झापलंस. “अगं बाई, नमस्कार मनातल्या मनात कर! नाहीतर चहाच्या वेळी कर. आठ माणसं धावताहेत आणि ही मधेच वाकतेय!” मग तेच ठरलं. मध्यंतरात चहा-बिस्किटांच्या वेळी मी जाऊन एकेकाला नमस्कार करून यायची, आणि तू कप हातात घेऊन मागून आठवण करायचीस: डेव्हिड राहिला, मॉरीनला दोन झाले. काही दिवसांनी लोक आपणहून हात पुढे करायला लागले. एका शिस्तप्रिय स्कॉटिश क्लबची आपण दोघींनी वाट लावली.

पुरुष कायमच कमी असायचे, म्हणून उंच बायकांनी पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं, आणि ओळखू यावं म्हणून गळ्यात टाय घालायचा, ही आपल्या क्लबची पद्धत. तू पहिल्याच दिवशी खोक्यातला एक चॉकलेटी टाय उचलून कुर्त्यावर अडकवलास. त्यानंतर पाच वर्षं तू पुरुष आणि मी बाई. कुणी तसं ठरवलं नव्हतं. तू उंच, मी बुटकी, विषय संपला.

माझ्यासाठी संपला, असं म्हणायला हवं. एकदा येताना गाडीत तू मला तुझ्या शाळेतलं सांगत होतीस. गॅदरिंगला तू कायम मावळा. कोळीनृत्यात कायम नाखवा. एका वर्षी तुला राधा व्हायचं होतं, तर बाई म्हणाल्या, “आणि तुझ्या उंचीचा कृष्ण कुठून आणू मी?” तू ते हसत हसत सांगितलंस. मीही हसले. मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि आपण दोघी हसत होतो. तू मला हसायला सांगत नव्हतीस, हे मला आत्ता, या टेबलाशी बसून कळतंय.

तू मला तीनदा विचारलंस. पहिल्यांदा दुसऱ्या वर्षी, सहज. “आज बाजू बदलू या का?” मी म्हटलं, “नको बाई, आत्ताच कुठे मला ही बाजू जमायला लागलीय.” दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हटलं की पुढच्या वर्षी बघू. तिसऱ्यांदा, गेल्या उन्हाळ्यात, तू गाडी चालवत होतीस. समोर बघतच म्हणालीस, “आसावरी, एकदा तरी बदलू ना गं. मला तिकडून नाचून बघायचंय.”

मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. म्हणाले, “मला पुरुषांचं काही येत नाही. या वयात कुठे शिकत बसू? आणि तू पुरुष म्हणूनच शोभतेस.”

तू “बरं” म्हणालीस. मोटरवेवरून आपला फाटा घेतलास. मग तुझ्या लेकीच्या, ईराच्या परीक्षेबद्दल बोलायला लागलीस. मला वाटलं, झालं, विषय मिटला. मला चुका शोधायचा पगार मिळतो मंजू, आणि शेजारच्या सीटवरून मला तुझा चेहरा वाचता आला नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तू म्हणालीस की तू एक नाच लिहितेयस. आपल्या क्लबात कुणीही नवा नाच रचावा, मॉरीन तो एखाद्या मंगळवारी सगळ्यांकडून करवून घेते, आणि जमला तर तो क्लबच्या फायलीत जातो. तू गटारांच्या नकाशासारखा तो चौकटीच्या कागदावर आखलास. पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल, बाणांनी वाटा. अक्षर तुझं छापल्यासारखं. तो कागद तू माझ्याकडे घेऊन आलीस आणि मी काय केलं? शाबासकी द्यायची सोडून तपासायला बसले. माझ्या जेवणाच्या टेबलावर चार कप आणि चार वाट्या मांडल्या. कप म्हणजे पुरुष, वाट्या म्हणजे बायका. पहिले सोळा बार सुरेख गेले. सतरा ते चोवीसमध्ये गाडं अडलं.

“हे बघ,” मी म्हटलं. “दुसऱ्या जोडीची वाटी कपांच्या रांगेत राहिली. कप इकडे आला.”

“राहू दे की.”

“राहू दे काय? पुढे त्यांची पाळी आली की ती वाटी काय करेल?”

“त्या बाजूचं करेल.”

“तिला त्या बाजूचं येत नाही!”

“शिकेल,” तू म्हणालीस. “हीप्स ऑफ टाइम आहे.”

“मंजू, हा सरळसरळ बग आहे.”

“तुला सगळीकडे बगच दिसतात,” असं म्हणून तू ती वाटी उचललीस, तिच्यात चिवडा घेतलास आणि खात बसलीस. मी चिडले. पुढचे तीन आठवडे मी तुझ्यामागे तेच टुमणं लावलं. दुरुस्ती अगदी सोपी होती. चोविसाव्या बारला जोडीदाराच्या हाताला धरून अर्धा फेरा मारला की दोघं आपापल्या घरी. तू ऐकेनास. मला वाटलं, रस्ते आखणाऱ्या बाईचा हा अहंकार. त्या शेवटच्या मंगळवारी हॉलच्या पार्किंगमध्ये मी तुला म्हणाले, “असा नाच मॉरीनला दाखवून स्वतःचं हसं करून घेऊ नकोस.” तू गाडीचं दार उघडत म्हणालीस, “उद्या पिवळा बिन पण ठेवायचाय का गं?”

मी म्हटलं, “हो, पिवळापण.”

हे आपलं शेवटचं बोलणं. पाच वर्षं दर मंगळवारी जाऊन-येऊन तास-तासभर आपण बोलत होतो, आणि शेवट पिवळ्या बिनवर. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. कधी वाटतं, मी ‘नाही’ म्हटलं असतं तर एक बिन कमी झाला असता. श्रीरंग म्हणतो, त्याने काही फरक पडला नसता. माझी बुद्धीही तेच सांगते. पण पहाटे जाग येते तेव्हा बुद्धी झोपलेली असते.

तुला निरोप द्यायला क्लब सगळाच्या सगळा आला. ग्रॅहॅमने आदल्या दिवशी फोन करून मला विचारलं होतं, किल्ट, तो चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, घालून आलो तर तुमच्याकडे चालेल का. मी म्हटलं, चालेल. मंडळातल्या बायका रडता रडता त्याच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. जाताना त्याने वाकून तुझ्या पायांना हात लावला आणि कपाळाला लावला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथपर्यंत मी रडले नव्हते, दगडासारखी उभी होते. तिथे मात्र मला श्रीरंगच्या बहिणीने धरून खुर्चीवर बसवलं.

गेल्या आठवड्यात मॉरीनचा फोन आला. तू तो कागद तिला आधीच देऊन ठेवला होतास, हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, येत्या मंगळवारी आम्हाला मंजिरीचा नाच करायचाय. पण तिने आणि ग्रॅहॅमने करून बघितला तर तो शेवटी जुळत नाही. दुसरी जोडी उलट्या बाजूला राहते. मला म्हणाली, “तुला ठाऊक असेल तिच्या मनात काय होतं. तू तो नीट करून देशील का, आसावरी?”

माझ्याकडे नीट केलेला तयारच होता. त्याच बुधवारी सकाळी तुला पाठवलेला. नुसता पुढे ढकलायचा होता. मी फोन हातात घेऊन बसले आणि मला ते बटण दाबवेना. दाबलं तर तुझा नाच सुरळीत होईल, लोक टाळ्या वाजवतील, तुझं नाव फायलीत राहील. नाही दाबलं तर तुझ्या आठवणीच्या नाचात भर हॉलमध्ये सगळे एकमेकांवर आपटतील, आणि तेही श्रीरंग आणि ईराच्या देखत. हसं होऊ नये म्हणून मी तुझ्याशी तीन आठवडे भांडले होते. आणि तरीही, तू ‘हो’ म्हटलेलं नसताना तुझ्या कागदावर हात चालवायचा, हे मला जमेना. शेवटी मी कागद घेऊन तुमच्या घरी गेले. श्रीरंग म्हणाला, “मला त्यातलं काही कळत नाही. तू ठरव.” ईरा जिन्यात बसली होती. सोळा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. मराठी सगळं समजतं पण बोलते इंग्रजीच.

मी तिला विचारलं, “ईरा, आई या नाचाबद्दल काही म्हणाली होती का गं?”

ती म्हणाली, “डिड यू फिक्स इट?”

“का?”

“बिकॉज मम सेड यू वुड. शी वॉज लाइक, वॉच, आसावरी मावशी विल फिक्स इट बिफोर शी इव्हन ट्राइज इट.” आणि मग तिला रडू यायला लागलं. “शी वॉजन्ट मीन अबाउट इट. शी वॉज लाफिंग.”

करून बघण्याआधीच दुरुस्त करेल. खरं होतं ते. मी तो नाच कपांनी केला होता, वाट्यांनी केला होता, ऑफिसात लंचच्या वेळी स्टिकी नोट्स चिकटवून केला होता. स्वतःच्या पायांनी एकदाही केला नव्हता. मी मॉरीनला कळवलं की तू लिहिलायस तसाच करायचा. मॉरीनने विचका होईल असं बजावलं, “इट’ल बी अ शॅम्बल्स, यू नो.” मी म्हटलं, “आय नो.” चूक डोळ्यांना दिसत असताना मी ‘पास’ म्हणून शिक्का मारला, असं उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच.

परवाचा मंगळवार. श्रीरंग आणि ईरा भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसले होते. मॉरीन म्हणाली, “माझ्याबरोबर ये.” तिने तुझ्या बाजूला उभं राहून मला समोर घेतलं. आम्ही दुसरी जोडी. संगीत सुरू झालं. मी सोळापर्यंत व्यवस्थित होते. सतरा ते चोवीस, आणि मी बरोबर तिथे जाऊन उभी राहिले जिथे माझ्या टेबलावरची वाटी राहायची. पुरुषांच्या रांगेत. मॉरीन माझ्या जागेवर. एक फेरी जागेवर उभं राहिलो आणि मग आमची पाळी आली.

मंजू, मला काहीही येत नव्हतं. पाच वर्षं जे नाच मी डोळे मिटून करते असं मला वाटायचं, तेच ते तुकडे होते, फक्त दुसऱ्या बाजूने. आणि माझे पाय लाकडाचे झाले. कुठल्या खांद्याने जायचं, कुणी आधी निघायचं, कुणी थांबायचं, काही म्हणजे काही सुचेना. तू माझ्यासमोर असायचीस तेव्हा मला हे कधी विचारावंच लागलं नव्हतं. तुझे डोळे ज्या बाजूला जायचे त्या बाजूला मी जायची, आणि ते मला माझंच कौशल्य वाटायचं. ग्रॅहॅमने दोनदा मला खांद्याला धरून वळवलं.

मग दोघींनी हात धरून रांगांच्या मधून खाली जायचं होतं. मी हात पुढे केला. मॉरीनने पुढे केला. दोघींचे हात हवेत, दोघींचे तळवे जमिनीकडे, आणि धरायचं कसं तेच कळेना. मॉरीन हळूच म्हणाली, “अदर वे अप, डिअर.” त्या बाजूच्या माणसाने तळहात वर करून हात पुढे धरायचा असतो, आणि समोरच्याने त्यावर आपला ठेवायचा. मी हात उलटा केला. मॉरीनने तिचा ठेवला. काडीसारखी बाई, पण वळताना तिचा सगळा भार त्या हातावर आला आणि माझा खांदा खाली गेला. मी तेवढ्यात भानावर आले आणि तो पेलला. पाच वर्षं तुझा हात खाली होता आणि माझा वर. मी तुझ्यावर भार टाकून वळत होते, आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगत होते की मला आता बऱ्यापैकी नाचता येतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौथ्या फेरीपर्यंत कोण कुठल्या बाजूला, कुणाला पत्ता नव्हता. ग्रॅहॅम बायकांच्या रांगेत पोचला आणि तिथलं सगळं चुकवत राहिला, अगदी खुशीत. डेव्हिडचा जोडीदारच हरवला. ईरा रडता रडता हसायला लागली आणि तिच्याकडे बघून श्रीरंगही. पण कुणी थांबलं नाही. आठच्या आठ फेऱ्या पुऱ्या केल्या. शेवटी सगळे धापा टाकत उभे होते आणि मॉरीन म्हणाली, हा नाच फायलीत जाईल, कागदावर आहे तसा. ती असंही म्हणाली की आता प्रत्येकाला दोन्ही बाजू शिकाव्या लागतील, नाइलाज आहे.

परतताना मी एकटी गाडीत होते आणि मला तुझा इतका राग आला, मंजू, की मी मोटरवेवर मोठमोठ्याने तुझ्याशी भांडले. एवढे चौकोन आणि गोल आणि बाण कशाला काढत बसलीस? एवढी कागदपत्रं कशाला? मला त्या बाजूला उभं करायचं होतं, तुला इकडे यायचं होतं, तर तोंड होतं ना तुला? सरळ सांगायचं होतंस. मी काय परकी होते? सरळ मराठीत मला एकदा विचारायचं होतंस, आणि मी काय नाही म्हटलं असतं?

आपल्या फाट्यावर बाहेर पडले आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. विचारलं होतंस. सरळ मराठीतच, आणि एकदा नाही, तीनदा. मी नाही म्हटलं. माझं चुकलं, मंजू.